थर्मोस्टॅट घरी बदलता येतो, पण त्याआधी गाडीचे पाणी कुठे जाते ते पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका गृहस्थांकडे सुमारे १२ वर्षे वापरातली, ९० हजार किलोमीटर झालेली पेट्रोल हॅचबॅक आहे. शहरात ती बरी चालते, पण तुळजापूरला जाताना घाटात एसी चालू असला की तापमानाचा काटा मध्याच्या वर चढू लागतो. दर पंधरवड्याला ते रेडिएटरमध्ये अर्धा-पाऊण लिटर नळाचे पाणी घालतात. मिस्त्रींनी सांगितले की थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनचे गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारी तापमानावर चालणारी झडप, गेला आहे, तो काढूनच टाकू, आपल्या सोलापूरच्या उन्हात त्याची गरजच काय. या गृहस्थांना तो काढून टाकणे पटत नाही. नवा थर्मोस्टॅट आणून तो पार्किंगमध्ये स्वतःच्या हाताने बसवता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

बसवता येईल. दोन-तीन पाने (स्पॅनर), एक पकड, एक रुंद टब आणि सुट्टीच्या दिवसाची सकाळ एवढ्यावर बहुतेक जुन्या पेट्रोल गाड्यांमध्ये हे काम होते. परंतु आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य थर्मोस्टॅटविषयीचे नाही. दर पंधरा दिवसांनी अर्धा लिटर पाणी घालावे लागते, हे वाक्य महत्त्वाचे आहे. थर्मोस्टॅट पाणी पीत नाही. तो बंद अडकला तर इंजिन तापते, उघडा अडकला तर इंजिन थंड राहते; पण त्याच्यामुळे पाणी नियमाने कमी होत असेल, तर ते फक्त त्याच्या घराच्या, म्हणजे तो बसतो त्या धातूच्या कोठीच्या, पॅकिंगमधून गळत असल्यामुळे किंवा इंजिन उकळून पाणी बाहेर फेकले जात असल्यामुळे. म्हणून ‘थर्मोस्टॅट मला बदलता येईल का’ हा प्रश्न दुसरा आहे. पाणी कुठे जाते आणि घाटातच गाडी का तापते, हा पहिला. तो सोडवला नाही तर नवा भाग बसवूनही काटा पुन्हा तिथेच जाईल आणि दोष मात्र नव्या भागावर येईल.

मी होटगी रस्त्याच्या बाजूला पंचवीस वर्षे गाड्या दुरुस्त केल्या आहेत, आणि तापणाऱ्या गाड्यांपैकी ज्यांचा थर्मोस्टॅट खरोखर दोषी निघाला अशा गाड्या मला नेहमी कमीच भेटल्या. पुष्कळदा दोष असतो तो रेडिएटरच्या झाकणाचा, आतून गाळ बसलेल्या रेडिएटरचा किंवा फॅनचा. यांपैकी आपल्या गाडीचे काय आहे, हे गाडी न पाहता सांगता येणार नाही. गाडीचे नेमके मॉडेल आपण लिहिलेले नाही, आणि सकाळी इंजिन गरम व्हायला किती वेळ लागतो, हेही लिहिलेले नाही. त्यामुळे मी तपासण्याचा क्रम सांगतो. तो स्वस्तापासून महागाकडे आणि सोप्यापासून अवघडाकडे जातो.

आधी झाकण. रेडिएटरच्या झाकणावर बहुधा ०.९ किंवा १.१ असा दाबाचा आकडा असतो, बार या एककात; एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका दाब. तेवढा दाब झाला की त्यातील स्प्रिंग उचलली जाते आणि जास्तीचे पाणी शेजारच्या टाकीत जाते. घरातल्या कुकरचे तत्त्व तेच: दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वर जातो. उघड्या पातेल्यात शंभर अंशांच्या आसपास उकळणारे साधे पाणी एक बारच्या जादा दाबाखाली सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग सैल झाली किंवा रबर चिरले, की हा दाब टिकत नाही. मग चढावर इंजिन १०५-११० अंशांना गेले की पाणी उकळू लागते, टाकीत जाते, तिथून नळीने रस्त्यावर सांडते आणि दुसऱ्या दिवशी पातळी कमी दिसते. आपली दोन्ही लक्षणे, म्हणजे घाटात तापणे आणि पाणी कमी होणे, या एकाच गोष्टीत बसतात. झाकण हा या यंत्रणेतील सर्वांत स्वस्त भागांपैकी एक आहे. मूळ झाकणावर जो आकडा असेल त्याच आकड्याचे नवे आणावे. जास्त दाबाचे बसवून फायदा होत नाही, उलट जुने होज पाइप फुटतात.

त्यानंतर गळती. रात्रभर गाडीखाली जुना पुठ्ठा अंथरून ठेवावा. पाण्याच्या पंपाखाली, होज पाइपांच्या टोकांशी, रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या जिथे धातूला जोडलेल्या असतात तिथे, आणि आत पायांपाशी ओल येते का ते पाहावे. गळती जुनी असेल तर तिथे पांढरे, हिरवे किंवा गुलाबी सुकलेले डाग सापडतात. ऑइलच्या झाकणाखाली चहासारखा दुधट फेस दिसला, सकाळी सायलेन्सरमधून बराच वेळ गोडसर वासाचा पांढरा धूर आला, किंवा थंड इंजिनवर झाकण काढून गाडी सुरू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा वरचा भाग आणि खालचा भाग यांच्यामधले पॅकिंग, गेले असण्याची शक्यता मोठी आहे. तसे असेल तर या उत्तराचा पुढचा भाग आपल्यासाठी नाही. गाडी चालवणे थांबवून ती गॅरेजला न्यावी.

फॅनचा विचार आपल्या बाबतीत मागे पडतो. फॅन बिघडला की गाडी सिग्नलला उभी राहिल्यावर तापते आणि वेग घेतल्यावर थंड होते, कारण वेगात समोरचा वारा फॅनचे काम करतो. आपली गाडी नेमके उलटे वागते. शहरात ठीक आणि चढावर गरम, याचा अर्थ इंजिन जास्त उष्णता निर्माण करते तेव्हा ती बाहेर टाकण्याची क्षमता कमी पडते. त्याची कारणे चार: पाणी कमी, दाब कमी, रेडिएटर आतून किंवा बाहेरून भरलेला, किंवा थर्मोस्टॅट अर्धवटच उघडतो. पंपाची पाती झिजलेली असण्याची पाचवी शक्यताही आहे, पण ती मी शेवटी ठेवतो.

आता थर्मोस्टॅट. त्याच्या पोटात पितळेची एक बंद डबी असते आणि तिच्यात मेण भरलेले असते. ठरावीक तापमानाला मेण वितळून फुगते, दांडी ढकलते आणि झडप उघडते. कोणत्या तापमानाला, ते त्याच्यावर कोरलेले असते. बहुधा ८२ किंवा ८८. हा आकडा उघडायला सुरुवात होण्याचा असतो. पूर्ण उघडायला आणखी दहा-बारा अंश लागतात.

तपासणी करण्याची पद्धत थर्मोस्टॅट कुठे बसवला आहे त्यावर अवलंबून आहे, आणि इथेच अनेकांची गफलत होते. तो वरच्या होज पाइपच्या इंजिनकडील टोकाशी असेल, तर थंड इंजिन सुरू केल्यावर वरचा पाइप बराच वेळ थंड राहिला पाहिजे आणि मग एकदम गरम झाला पाहिजे. काटा मध्याच्या वर जाऊनही पाइप कोमटच राहिला तर झडप बंद अडकलेली आहे; पहिल्या मिनिटापासून हळूहळू गरम होत गेला तर ती उघडी अडकलेली आहे. पण कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपच्या बाजूला, पंपाच्या तोंडाशी असतो. तिथे वरचा पाइप लवकर गरम होणे स्वाभाविक आहे आणि लक्ष ठेवायचे ते खालच्या पाइपवर. हाताने चाचपताना बोटे फॅनपासून दूर ठेवावीत. विजेचा फॅन कुठल्याही क्षणी फिरू लागतो, काही गाड्यांमध्ये इंजिन बंद केल्यावरसुद्धा.

हाताऐवजी इन्फ्रारेड तापमापक गन असेल तर उत्तम. करोनाच्या काळात दारोदारी आलेली कपाळाची गन मात्र घेऊन बसू नका. तिचे माप बहुधा ४२-४३ अंशांनाच संपते. औद्योगिक वापराची गन मिळाली तर गाडी पूर्ण गरम झाल्यावर दोन्ही पाइपांचे तापमान पाहावे. चांगल्या स्थितीत त्यांच्यात साधारण दहा-पंधरा अंशांचा फरक असतो. फरक फारच मोठा असेल आणि रेडिएटरच्या जाळीवर मधेच थंड पट्टे सापडत असतील, तर रेडिएटर आतून बुजला आहे. गाडीत ओबीडी सॉकेट, म्हणजे गाडीच्या संगणकाची माहिती वाचण्याची जोडणी, असेल तर मोबाइलला जोडणारा छोटा स्कॅनर काट्यापेक्षा अधिक खरे सांगतो. पुष्कळ गाड्यांचा काटा मुद्दाम असा बनवलेला असतो की ७५-८० अंशांपासून १०० अंशांच्या पुढेपर्यंत तो मध्यावरच थांबतो, म्हणजे चालकाला उगाच काळजी वाटू नये. म्हणून काटा मध्यावरून हलला, तेव्हा आत बरेच काही घडून गेलेले असते. घाटात काटा चढल्यावर ‘अजून लाल पट्टा लांब आहे’ म्हणून गाडी तशीच रेटू नये. एसी बंद करावा, हीटर पूर्ण गरमवर चालू करावा, काचा खाली कराव्यात आणि जागा मिळताच थांबावे.

आपल्या मिस्त्रींच्या सल्ल्याबद्दल. तो सल्ला त्यांनी वाईट हेतूने दिला असे मी म्हणणार नाही, कारण तरुणपणी मीही तो दिला आहे. एका टॅक्सीचा थर्मोस्टॅट मी असाच काढून टाकला होता आणि ‘आता बर्फासारखी थंड राहील’ असे छातीठोकपणे सांगितले होते. आठवड्याने ती विजापूर रस्त्यावर आधीपेक्षा जास्त तापली आणि मालक भर दुपारी माझ्या दारात आले. कारण मला नंतर समजले. कित्येक इंजिनांतील थर्मोस्टॅटला खालच्या बाजूला दुसरी चकती असते. वरची झडप उघडते तेव्हा ही चकती बायपासचा, म्हणजे रेडिएटरला वळसा घालून पाणी इंजिनमध्येच परत नेणारा, मार्ग बंद करते, आणि सगळे पाणी रेडिएटरकडे जाते. थर्मोस्टॅटच काढला की बायपास कायमचा उघडा राहतो, बरेचसे गरम पाणी रेडिएटरला न भेटता इंजिनमध्येच फिरत राहते, आणि नेमक्या घाटात, जिथे प्रत्येक थेंब रेडिएटरमधून जायला हवा, तिथे गाडी उकळते. ‘थर्मोस्टॅट नसला की पाणी इतक्या जोरात पळते की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही’ असेही काही जण सांगतात. ते कारण मला पटत नाही, बायपासचे कारण पटते.

ज्या इंजिनांत अशी चकती नाही त्यांत गाडी तापणार नाही, पण दुसरे नुकसान होईल. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो हे खरे, परंतु इंजिनला हवे असते ९० अंशांच्या आसपास. म्हणजे आपल्या सर्वांत कडक दुपारीही बाहेरची हवा इंजिनच्या गरजेपेक्षा ४५ अंशांहून अधिक थंड असते. इंजिन थंड राहिले की गाडीतला संगणक त्याला जास्त पेट्रोल देत राहतो, मायलेज घसरते, ऑइलमध्ये ओलावा साठतो आणि झीज वाढते. उन्हाचा आणि थर्मोस्टॅटच्या गरजेचा संबंध लोक समजतात तितका नाही.

सोलापूरचा खरा संबंध आहे तो पाण्याशी. उजनीचे नळाचे पाणी काही दिवसांआड येते आणि उरलेली गरज बोअरवर भागते. आपल्या घरातील सोलर हीटरची किंवा गिझरची कॉइल उघडून पाहिली असेल, तर तिच्यावर बसलेला पांढरा थर आपल्याला ठाऊक असेल. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि थर्मोस्टॅटच्या दांडीवर बसतो. शिवाय साध्या पाण्यात गंज रोखणारे रसायन नसते, त्यामुळे आतले लोखंड गंजते आणि तपकिरी गाळ सगळीकडे फिरतो. आपण दर पंधरा दिवसांनी अर्धा लिटर नळाचे पाणी घालत असाल, तर वर्षभरात बारा-तेरा लिटर क्षारयुक्त पाणी आत गेले आहे. मूळ कूलंट, म्हणजे रेडिएटरमध्ये भरायचे गंजरोधक द्रव, आता नावालाच उरला असेल. थर्मोस्टॅट खरोखर अडकला असेल, तर तो बहुधा यामुळेच अडकला असेल.

तपासणीनंतर दोष थर्मोस्टॅटचाच ठरला, किंवा तो बारा वर्षांचा आहे म्हणून झाकणासोबत बदलून टाकायचे आपण ठरवले, तर पुढचे काम असे करावे. वयाने जुना थर्मोस्टॅट आधीच बदलण्यात काही गैर नाही. तो काहीशे रुपयांपासून मिळतो आणि कूलंट तसाही काढावा लागणारच आहे.

भाग आणताना गाडीचे मॉडेल, वर्ष आणि इंजिनचा प्रकार सांगावा, आणि जुन्यावरचा तापमानाचा आकडाच मागावा. ८८च्या जागी ८२ बसवला तर घाटात गाडी कमी तापेल, हा समज चुकीचा आहे. पूर्ण उघडल्यावर दोघांतून सारखेच पाणी जाते. सोबत नवे पॅकिंग किंवा रबर रिंग, दोन नव्या क्लिप, आणि होज पाइप कडक झाला असेल तर तोही घ्यावा.

नवा थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी मी नेहमी तो पाण्यात तपासतो, कारण दुकानातून थेट आलेला, न उघडणारा भाग मी दोनदा पाहिला आहे. एका जुन्या पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने असा टांगावा की तो तळाला टेकणार नाही, शेजारी तापमापक सोडावा आणि मंद आचेवर तापवावे. कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश इकडेतिकडे झडप हलू लागली पाहिजे, आणि पाणी थंड होताना पुन्हा घट्ट बसली पाहिजे. इथे एक बारकावा लक्षात घ्यावा. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८-९९ अंशांनाच उकळते. ८८चा थर्मोस्टॅट पूर्ण उघडायला शंभरच्या आसपास तापमान लागू शकते, म्हणजे उकळत्या पाण्यातही तो थोडा कमी उघडलेला दिसेल. तेवढ्यावरून तो दुकानदाराला परत करू नये. सुरुवात कधी होते ते पाहावे. जुना थर्मोस्टॅट काढल्यावर त्याचीही हीच परीक्षा घ्यावी. तो व्यवस्थित उघडला, तर आपल्याला कळेल की दोष अजून सापडलेला नाही. ते पातेले मात्र नंतर स्वयंपाकघरात नेऊ नये.

काम सकाळी करावे, रात्रभर थंड झालेल्या इंजिनवर. गरम इंजिनचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. आपला सोलापुरी टॉवेल कितीही जाड असला, तरी दाबाखालचे पाणी सुटले की तो हात आणि चेहरा वाचवू शकत नाही. गाडी सपाट जागी लावून किल्ली काढून घ्यावी. मग मोबाइलवर सगळ्या पाइपांचे आणि क्लिपांचे दोन-चार फोटो काढावेत. हा वेळेचा अपव्यय वाटतो, पण परत जोडताना तोच कामाला येतो.

रेडिएटरच्या तळाशी पाणी सोडण्याचा छोटा नळ असतो. जुन्या गाड्यांत तो प्लॅस्टिकचा आणि ठिसूळ झालेला असतो, म्हणून जोर लावू नये. नाही फिरला तर खालचा होज पाइप सोडून पाणी टबमध्ये घ्यावे. एरवी फक्त थर्मोस्टॅटसाठी दीड-दोन लिटर काढले तरी पुरते, पण आपल्या गाडीत नळाचे पाणी भरलेले असल्यामुळे सगळेच काढून टाकावे. लहान गाड्यांत एकूण चार ते सहा लिटर असते. या पाण्यात कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल हे रसायन असते. ते चवीला गोड आणि विषारी असते. कुत्री, मांजरे, गाई-म्हशी ते आवडीने पितात आणि मरतात. टब उघडा ठेवून चहाला जाऊ नये, आणि पाणी गटारात किंवा झाडाच्या बुंध्यात ओतू नये. मी ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर ठळक चिठ्ठी चिकटवून, ओळखीच्या सर्व्हिस सेंटरकडे देतो.

थर्मोस्टॅटच्या घरावरचा होज पाइप ओढून निघत नसेल तर तो आधी पिळून सुटा करावा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटला तर आतली धातूची किंवा प्लॅस्टिकची नळी फुटते. पाइप बदलायचाच असेल तर त्याला उभा चिरा द्यावा.

घराचे दोन किंवा तीन बोल्ट, बहुधा १० किंवा १२ नंबरच्या पान्याचे, हा या कामातील खरा धोक्याचा टप्पा आहे. ॲल्युमिनियममध्ये बारा वर्षे बसलेला पोलादी बोल्ट गंजून धरून ठेवतो. त्यावर गंज सोडवणारे तेल आदल्या रात्रीच मारून ठेवावे, सहा कोनांचा बॉक्स पाना वापरावा, आणि बोल्ट चिवटपणे वळू लागला, म्हणजे फिरतो पण सुटत नाही असे वाटले, तर थांबून पुन्हा थोडे घट्ट करून मग सैल करावा. असा एक बोल्ट मी घाईत तोडला आहे. पंधरा मिनिटांचे काम होते. तुटलेला तुकडा ड्रिल करून काढायला आणि आटे नव्याने पाडून घ्यायला लेथवाल्याकडे दीड दिवस गेला, आणि पैसे अर्थातच मी भरले. बोल्ट दाद देत नसेल तर तो भाग मिस्त्रींकडून करून घेण्यात कमीपणा नाही.

जुना थर्मोस्टॅट उचलण्यापूर्वी तो कोणत्या बाजूने बसला आहे ते पाहून ठेवावे. मेणाची डबी आणि स्प्रिंग इंजिनच्या बाजूला असते, कारण तापमान तिला इंजिनच्या पाण्याचे कळायला हवे. कडेला एखादे बारीक छिद्र किंवा त्यात हलणारी पिन असेल, तर थर्मोस्टॅट उभा बसणाऱ्या इंजिनांत ती वरच्या टोकाला यावी. तिथूनच अडकलेली हवा बाहेर पडते. मग इंजिनच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबून दोन्ही पृष्ठभागांवरचे जुने पॅकिंग बोथट पट्टीने खरवडावे. ग्राइंडर किंवा जाड सँडपेपर वापरू नये. ॲल्युमिनियमवर एक खोल ओरखडा पडला की तिथून कायम पाणी झिरपते. फडके काढायला विसरू नये, हे लिहिण्याची वेळ यायला नको, पण येते.

रबर रिंग असेल तर तिला कुठलाही सिलिकॉन लावू नये. कागदी पॅकिंग असेल आणि पुस्तिकेत तसे सांगितले असेल तरच अगदी पातळ थर द्यावा. जास्तीचा सिलिकॉन आतल्या बाजूला दबून सुटतो आणि हीटरच्या नळ्यांत किंवा त्याच नव्या थर्मोस्टॅटच्या झडपेत जाऊन अडकतो. बोल्ट हाताने पूर्ण बसवून मग आळीपाळीने थोडे थोडे घट्ट करावेत. लहान बोल्टला १० न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे लहान पान्याला मनगटाचा जोर, एवढे पुरते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा.

भरण्यापूर्वी, तपकिरी गाळ निघाला असेल तर डिस्टिल्ड वॉटरने यंत्रणा एक-दोनदा धुवावी. बॅटरीत घालतात तेच पाणी. घरच्या आरओचे पाणी बोअरपेक्षा बरे, पण तेही पूर्ण क्षारमुक्त नसते. नंतर कूलंट. ‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग अँटीफ्रीझ कशाला’ असे मला अनेकांनी विचारले आहे. बर्फासाठी नाही, गंज रोखण्यासाठी आणि उत्कलनबिंदू आणखी वर नेण्यासाठी तो हवा. तयार मिश्रण आणले असेल तर त्यात काहीही मिसळू नये. दाट कूलंट असेल तर डब्यावर आणि पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर घालावे. हिरवा, लाल, निळा हे रंग उत्पादकांनी आपापल्या सोयीने ठरवलेले आहेत, तेव्हा रंग जुळला म्हणून प्रकार जुळला असे समजू नये.

शेवटचा टप्पा हवा काढण्याचा, आणि घरी केलेली कामे बहुतेक इथेच फसतात. यंत्रणेने हवा धरली की नवा थर्मोस्टॅट असूनही गाडी तापते, कारण मेणाच्या डबीभोवती गरम पाण्याऐवजी हवेचा फुगा असतो. गाडीचा पुढचा भाग किंचित उंच राहील अशी लावावी, हीटर पूर्ण गरमवर ठेवावा, कूलंट बारीक धारेने ओतावा आणि मधूनमधून होज पाइप दाबावेत. हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तिथून बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत तो सैल ठेवावा. मग पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे झाकण उघडे किंवा बंद ठेवून इंजिन मंद गतीवर चालवावे. झाकण उघडे ठेवले असेल तर चेहरा दूर ठेवावा आणि पातळी खाली गेली की थोडे थोडे घालत जावे. थर्मोस्टॅट उघडल्याचे थंड पाइप एकदम गरम झाल्यावरून कळते. त्यानंतर झाकण लावून फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबावे. हीटरमधून गरम वारा येत असेल, तर हवा बहुतेक निघाली आहे.

मग लगेच तुळजापूरला निघू नये. दोन-तीन दिवस शहरातच फिरवावी आणि दर सकाळी थंड इंजिनवर टाकीतील पातळी खालच्या व वरच्या खुणेमध्ये आहे का ते पाहावे. पहिल्या दोन सकाळी ती किंचित उतरते. उरलेली हवा बाहेर पडत असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही उतरत असेल, तर गळती अजून आहे आणि यंत्रणेला हातपंपाने दाब देऊन ती शोधणारे गॅरेज गाठावे. पातळी स्थिर राहिली तर घाट चढून पाहावा, आधी एसी बंद ठेवून आणि मग चालू करून. नवे झाकण, नवा थर्मोस्टॅट आणि भरलेला कूलंट असूनही काटा चढला, तर रेडिएटरकडे वळावे. तांब्या-पितळेचा असेल तर रेडिएटरवाला तो उघडून नळ्या साफ करून देतो. ॲल्युमिनियमचा आणि प्लॅस्टिकच्या टाक्यांचा असेल, जसा आपल्या गाडीच्या वयाच्या गाड्यांत बहुधा असतो, तर क्षारांनी बुजल्यावर तो बदलणेच परवडते. तो बदलायला थर्मोस्टॅटपेक्षा जास्त खोलाखोली लागते, एसीचा कंडेन्सर समोर असतो, आणि ते काम पार्किंगमध्ये करा असे मी आपल्याला सांगणार नाही.